आजीचा पाय आणि मामाचं रक्त

"मॅडम, रक्त रात्रीच काहून घ्या लागते? दिवसा शाळेत सारे पोट्टे एका जागी भेटतात."

गेल्या आठवड्यात एका नव्या आशाताईनं मला हे विचारलं. रात्रीचे साडेनऊ झाले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही टेबल मांडलं होतं. त्यावर काचपट्ट्यांचा डबा, सुया, स्पिरिटचा कापूस आणि नोंदवही. समोर रांगेत शेतातून येऊन, जेवून, अर्धवट झोपेत आलेली माणसं. मी ज्याचं रक्त घेत होते त्या आजोबांनी बोट पुढे केलं होतं, म्हणून तिला तेव्हा थोडक्यात सांगितलं. पण तिचा प्रश्न इतका योग्य होता की घरी आल्यावर वाटलं, हे नीट लिहूनच काढावं. वर्धा जिल्ह्यात मी वीस वर्षांहून जास्त काळ प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून हत्तीरोगाचं काम करते आहे. आणि ह्या रोगाशी माझी ओळख नोकरीच्या आधीची, माझ्या आजीच्या पायापासूनची आहे.

आधी रात्रीचं सांगते. हत्तीरोग, म्हणजे फायलेरिया, हा एका दोऱ्यासारख्या बारीक कृमीमुळे होतो. नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मोठी मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते आणि शरीरातल्या लसिकावाहिन्यांत राहते. रक्ताच्या नसांना समांतर जाणारं, अंगातला जास्तीचा द्रव परत वाहून नेणारं हे बारीक नळ्यांचं जाळं. ही मादी लाखोंनी पिल्लं सोडते. पिल्लू पाव मिलिमीटरच्या आसपास. त्याला आम्ही मायक्रोफायलेरिया म्हणतो, बोलताना नुसतं 'एमएफ'. दिवसा ही पिल्लं फुप्फुसातल्या नसांमध्ये खोल जाऊन बसतात. रात्री हातापायाच्या कातडीजवळच्या रक्तात येतात, साधारण दहा ते दोन ह्या वेळात सर्वांत जास्त गर्दी करतात. ह्याच वेळी क्युलेक्स डास चावायला निघतो. दुपारी बोट टोचलं तर ज्याच्या अंगात हजारो पिल्लं आहेत त्याचीही काचपट्टी कोरी येऊ शकते.

आता पट्टीवरची तपासणीही आली आहे. बोटाच्या रक्तातून दहा मिनिटांत मोठ्या कृमीचा अंश कळतो, दिवसासुद्धा. आमच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रातही फायलेरियाच्या रक्तचाचण्यांवर कित्येक वर्षं काम झालं आहे. पण डासाला देता येईल असं पिल्लू रक्तात आहे का, हे बघायला अजूनही रात्रीच जावं लागतं.

डासाचा हात ह्यात आहे हे माणसाला कळलं ते १८७७ साली. चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाचा डॉक्टर होता. त्याच्या माळ्याच्या रक्तात ही पिल्लं होती. माळ्याचं नाव हिन लो. मॅन्सननं त्याला डासांच्या खोलीत झोपवलं आणि सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास पकडून चिरून बघितले. पिल्लं डासाच्या पोटात मरत नव्हती, वाढत होती. एवढं अचूक बघूनही पुढे त्याची चूक झाली. त्याला वाटलं, डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो आणि रोग होतो. डासाच्या सोंडेतून, चावण्यातूनच तो परत माणसात येतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं. हिन लोबद्दल मी नेहमी विचार करते. त्याला कोणी विचारलं असेल का, समजावलं असेल का? आम्हाला तरी रांगेतल्या प्रत्येकाला सांगूनच बोट टोचायचं असतं, आणि ते तसंच असायला हवं.

तर आजी.

आईची आई. तिचं गाव हिंगणघाटच्या रस्त्यावरून आत, नाल्याच्या काठावर. कापूस, तूर आणि मागून आलेलं सोयाबीन. आजीचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड, खरखरीत, घोट्याजवळ वळ्या पडलेल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की ती लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून बसायची. वर्षातून दोन-तीनदा तिला हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लालबुंद व्हायचा, जांघेत गाठ यायची, आणि चार-पाच दिवसांनी ताप उतरला की पाय आधीपेक्षा थोडा जास्तच जाड झालेला असायचा. गावात म्हणायचे, अमावास्या-पुनवेले येते.

लग्नाच्या पंगतीत तिला बसवायचे नाहीत. कोणी तोंडावर काही बोलायचं नाही, पण ताट आत, स्वयंपाकघरात आणून द्यायचे. हापशीवर ती गेली की बाया आपल्या गुंड्या, म्हणजे पाण्याची भांडी, थोड्या बाजूला सरकवायच्या. मी नऊ वर्षांची असेन. एकदा मी तिच्यासाठी पाणी भरायला गेले तर एक बाई म्हणाली, "बाप्पा, इच्या गुंडीले हात नोको लावजो." आमच्या शाळेची सहल दरवर्षी सेवाग्रामला जायची. तिथे परचुरे शास्त्रींची कुटी दाखवायचे. गांधीजी स्वतःच्या हातांनी कुष्ठरोगी माणसाची सेवा करायचे हे आम्हाला गुरुजी सांगायचे. त्याच जिल्ह्यात, तिथून काही कोसांवर, माझ्या आजीला हापशीवर वेगळं उभं राहावं लागत होतं. आणि तिला तर हात लावून होणारा रोगच नव्हता.

सर्वांत जास्त दुखायचं ते हे, की आजीलाही ते खरं वाटायचं. मामाच्या मुलांना ती मांडीवर घ्यायची नाही.

२००६ साली आमच्या पथकाकडे रात्रीच्या रक्त तपासणीसाठी जी गावं आली, त्यांत आजीचं गाव होतं. मी मुद्दाम मागून घेतलं. पहिल्या रात्री देवळाजवळ बसलो, दुसऱ्या रात्री घरोघरी गेलो. मामाच्या ओसरीवर कंदील होता, कारण लाइट गेलेली. मामा तेव्हा चाळिशीचा, धडधाकट गडी, पोत्याची थप्पी एकटा लावणारा. त्याचं डाव्या हाताचं चौथं बोट टोचलं, वीस घन मिलिमीटर रक्त काचपट्टीवर घेतलं, सुईच्या मागच्या टोकानं गोल पसरवलं. मामी, मुलं, शेजारचे, आणि शेवटी आजी. आजी बोट पुढे करत नव्हती. "माह्यं कायले पाह्यतं? माह्यं तं दिसूनच रायलं न," असं म्हणाली. मी तिचा हात धरला आणि घेतलं.

दुसऱ्या दिवशी काचपट्ट्या पाण्यात बुडवून लाल रंग काढला, वाळवल्या, रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या. आजीची पट्टी मी तीन वेळा बघितली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, परत. पांढऱ्या पेशी दिसत होत्या, बाकी काही नाही. पट्टी साफ कोरी.

मामाच्या पट्टीवर अकरा होते.

निळसर-जांभळी, मऊ वळण घेतलेली पिल्लं. आत मण्यांच्या माळेसारखे ठिपके, आणि शेपटीच्या टोकाला माळ थांबलेली, टोक रिकामं. ते रिकामं टोक बघून आम्ही जात ओळखतो. मी खुर्चीत मागे टेकून कितीतरी वेळ बसून राहिले.

पुस्तकात हे मी शिकले होते. पण स्वतःच्या घरात बघेपर्यंत कळलं नव्हतं. ज्याचा पाय हत्तीसारखा सुजला आहे, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा पिल्लं सापडत नाहीत. मोठ्या कृमी कधीच मेलेल्या असतात, मागे राहिलेली असते ती त्यांनी आणि पुन्हापुन्हा आलेल्या तापांनी नासवून टाकलेली लसिकावाहिन्यांची वाट. आणि ज्याच्या रक्तात पिल्लं फिरत आहेत, तो बहुतेक वेळा मामासारखा असतो. त्याला काही होत नाही. तो कामाला जातो, लग्नाला जातो, पंगतीत पहिल्या रांगेत बसतो. रोग गावात फिरतो तो त्याच्यामुळे, आणि त्याला पत्ताही नसतो. त्याचाही ह्यात काही दोष नाही. पण आमचं गाव तीस वर्षं चुकीच्या माणसापासून लांब बसत होतं.

मामाला विश्वास बसेना. म्हणून रात्री परत गेले, सोबत सूक्ष्मदर्शक नेला, आणि त्याच्या बोटाचा ताजा थेंब काचेवर घेऊन त्याला बघायला लावलं. ताज्या थेंबात पिल्लू जिवंत असतं. ते दिसण्याआधी हालचाल दिसते, म्हणजे लाल पेशी कोणीतरी ढकलल्यासारख्या बाजूला होतात, आणि मग त्यांच्या मधून चाबकासारखं वळवळताना ते दिसतं. मामानं डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाला, "हे माह्या अंगात? पण मले तं काईच होत नाई."

डीईसी ह्या फायलेरियाच्या औषधाच्या बारा दिवसांच्या गोळ्या त्याला दिल्या. पहिल्याच रात्री ताप आला, अंग ठणकलं. मी आधीच सांगून ठेवलं होतं की ताप येईल, आणि तो गोळीच्या विषानं नसेल. रक्तातली पिल्लं एकदम मरतात, त्याची ती झळ असते. तिसऱ्या दिवशी मामा परत शेतात होता.

आजीला मी संध्याकाळी सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि तिनं एकच विचारलं, "म्हन्जे माह्यापासून कोनाले झालं नाई न व?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला पटकन सुचलं नाही. तिला बरं वाटावं म्हणून सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. पण खरं हे आहे की तरुणपणी, पाय सुजण्याआधी, तिच्याही रक्तात पिल्लं असू शकतील. म्हणून मी तसंच सांगितलं. म्हटलं, आजी, तुझ्या हातानं, तुझ्या गुंडीनं, तुझ्या मांडीवर बसल्यानं कोणालाही कधी होऊ शकत नव्हतं. जे काय इकडून तिकडे गेलं असेल ते डासानं नेलं, आणि आज तुझ्यात ते नाही. तिनं पदरानं डोळे पुसले. मग मामाच्या धाकट्या पोरीला हाक मारली आणि मांडीवर घेतली. पोरगी तेव्हा सात-आठ वर्षांची, मांडीत मावत नव्हती.

डासाचं काम आमच्या पथकातले कीटक समाहारक करायचे. त्यांच्यासोबत मी पहाटे फिरले आहे. काचेची नळी, मागे रबरी नळी, एक टोक तोंडात. बॅटरी भिंतीवर फिरवायची. खुंटीवरच्या कपड्यांमागे, माळ्याखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात रक्त पिऊन जड झालेला डास बसलेला असतो. नळी अलगद जवळ नेऊन ओढायचं. मग मिठाच्या पाण्याच्या थेंबात दोन सुयांनी त्याचं डोकं, छाती, पोट वेगळं करायचं आणि बघायचं. छातीत कधी जाड, आखूड, सुस्त अळी दिसते. ती वाढीची मधली अवस्था. चावायच्या तयारीतली अळी लांब, चपळ, सोंडेकडे सरकलेली असते.

ह्या कामातून एक गोष्ट समजते, जी लोकांना सांगितली की ते विचारात पडतात. मलेरियाचा जंतू डासात वाढून हजारोंनी होतो. फायलेरियाचं तसं नाही. डासानं एक पिल्लू प्यायलं तर फार तर एक अळी तयार होते, त्यालाही दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस डास जगावा लागतो. शिवाय ती अळी सुईसारखी टोचली जात नाही. डास चावताना ती कातडीवर उतरते आणि चावल्याच्या छिद्रातून स्वतः आत शिरते. अंगात नर-मादी दोन्ही पोचून जोडी जमावी लागते. म्हणजे एक-दोन डास चावून हा रोग सहसा होत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं, रोज रात्री चावणारे डास लागतात. इतके डास जिथे आहेत तिथेच तो टिकतो. आजीच्या घरामागे उघडी नाली होती, तिचं पाणी नाल्यापर्यंत पोचायचंच नाही, वर्षभर तिथेच काळं होऊन साचायचं. क्युलेक्सला असंच घाण पाणी लागतं. म्हणून मी आजही रक्त घ्यायला गेले की नालीकडे आधी बघते, आणि संडासाच्या टाकीच्या पाइपला जाळी बांधली आहे का ते बघते. एका जुन्या कापडाच्या तुकड्यानं ती बांधता येते. शोषखड्डा केला तर नालीची गरजच उरत नाही. आमच्या काही गावांत ते झालं आहे, आणि तिथल्या भिंतींवर डास शोधावे लागतात.

आता गोळ्यांबद्दल. २००४ पासून देशात हत्तीरोगाच्या भागात वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या देण्याची मोहीम चालते. विदर्भात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सगळे त्या पट्ट्यातले. निरोगी माणसानं गोळी का खायची, हा प्रश्न दर वर्षी, दर गावात येतो. मी मामाची गोष्ट सांगते. निरोगी दिसणं म्हणजे निरोगी असणं नव्हे एवढं लोकांना पटतं. मोठी कृमी सहा ते आठ वर्षं जगते, गोळ्या मुख्यतः पिल्लांना मारतात. म्हणून एकदा खाऊन भागत नाही, पिल्लं परत रक्तात येण्याआधी पुन्हा खायची, असं करत कृमी म्हातारी होऊन मरेपर्यंत डासाला प्यायला काही मिळू द्यायचं नाही.

सुरुवातीच्या वर्षांत ह्या मोहिमेत आमच्याकडून मोठी चूक झाली. गोळ्या घरोघरी वाटल्या, सही घेतली, पुढच्या घरी गेलो. कागदावर शंभरातले नव्वद. नंतर एकदा मी एका घरी पाणी प्यायला थांबले तर देव्हाऱ्यामागे चार जणांच्या गोळ्या पुडीतच होत्या, मागच्या वर्षीच्याही. त्या घरानं मला फसवलं नव्हतं. रात्री जेवून खा असं सांगून मीच निघून गेले होते. तेव्हापासून मी समोर खाऊ घातल्याशिवाय हलत नाही, मग त्या दिवशी दहा घरं कमी झाली तरी चालतील. आणि एका गावात आठ-दहा जणांना गोळ्यांनंतर ताप-उलट्या झाल्या, रात्री लोक आशाताईच्या दारात जमले. ती बिचारी आत दार लावून बसलेली. आदल्या दिवशी कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं की असं होऊ शकतं. पुढच्या वर्षी त्या गावात अर्ध्या लोकांनी दारं उघडली नाहीत. एका न सांगितलेल्या वाक्याची भरपाई करायला आम्हाला तीन वर्षं लागली.

२०१९ च्या सुरुवातीला शेजारच्या नागपूर जिल्ह्यात डीईसी आणि अल्बेंडाझोल ह्या जंताच्या औषधासोबत आयव्हरमेक्टिन, अशा तीन औषधांची मोहीम सुरू झाली. ही तीन मिळून पिल्लांना जास्त काळ दाबून ठेवतात. आयव्हरमेक्टिन वजनावर नाही तर उंचीवर देतात, त्यासाठी रंगाचे पट्टे मारलेली काठी असते. पोरं त्या काठीला पाठ लावून उभी राहायला रांग लावतात. मोठी माणसं मात्र अडतात. एक शेतकरी मला म्हणाले, "मॅडम, हे तं ढोराचं औषध होय. बकऱ्याईले देतो आमी." खरंच होतं त्यांचं. मी म्हटलं, काका, बरोबर आहे, जनावरांनाही देतात आणि माणसांनाही देतात. जपानमधल्या सातोशी ओमुरांनी मातीच्या एका ढेकळातला जिवाणू शोधला, त्यातून विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध काढलं, २०१५ चं नोबेल त्यासाठी मिळालं. मातीचं नाव काढल्यावर काकांनी हात पुढे केला. दोन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बाईला आणि फार आजारी माणसाला ह्यातली कोणतीच गोळी देत नाहीत, हेही दर वेळी सांगावं लागतं.

देशानं २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलं आहे. नवीन पिल्लू डासाला मिळालं नाही तर पुढची पिढी वाचेल, हे शक्य आहे, चीननं २००७ मध्ये ते करून दाखवलं. तिथे मिठात डीईसी मिसळून दिलं होतं. पण ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांना गोळीनं पाय परत मिळत नाही, आणि बैठकांमध्ये आकडे वाचताना ह्या माणसांची आठवण सगळ्यात शेवटी येते. मला ते सहन होत नाही.

आजीचा पाय मी धुवायला शिकवला तो २००६ सालीच, मामाचं रक्त तपासलं त्याच वर्षी. खरं तर आधी मीच धुतला. साधं पाणी, गरम नाही. साबणाचा फेस हातावर करून मग पायावर, वरून खाली, घासायचं नाही. वळ्यांच्या आत बोट घालून, बोटांच्या बेचक्यांत कापसाची वात फिरवून. तिथेच चिरा असतात. त्या चिरांतून साधे जिवाणू आत जातात, आणि अमावास्या-पुनवेचा तो ताप त्यातून येतो. मग मऊ कापडानं टिपायचं, बेचक्या कोरड्या झाल्या का ते बघायचं, चिरेला मलम. रात्री पायाखाली दुमडलेली गोधडी. आजीच्या बेचकीत पहिल्या दिवशी कापूस फिरवला तर काळी माती आली, आणि खाली ओली, पांढरी पडलेली कातडी. तिनं पाय मागे घेतला. म्हणाली, "इतक्या वर्षात इथं कोनं हात लावला नोता."

त्यानंतर ती रोज धुवायची. पाय बारीक झाला नाही, थोडा मऊ झाला. पण ताप आधी वर्षाला तीनदा यायचा, तो एकदा, मग दीड वर्ष आलाच नाही. २०१३ मध्ये ती वयानं गेली.

नंतर सरकारकडून रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं किट मिळू लागलं. आजीकडे तेव्हा मी नेलेला निळा प्लॅस्टिकचा टब होता. तो मामीनं फेकला नाही. खालच्या आळीत एक बाई आहे, पस्तिशीची, उजवा पाय सुजायला लागलेला. मामीनं स्वतः तिच्या घरी टब नेऊन दिला आणि कसं धुवायचं ते दाखवलं. पहिले काही महिने ती बाई दार लावून, आत अंधारात पाय धुवायची. परवा रक्त घ्यायला त्या आळीत गेलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. ती ओसरीवर, लाइटखाली बसली होती, पाय निळ्या टबात, आणि तिचा पोरगा मगानं पाणी टाकत होता.